गेवा: डोळ्यांना घातक चीक, आणि त्यातच दडलेलं रसायन

कोकणातल्या खाडीकाठच्या कांदळवनात, म्हणजे खारफुटीच्या जंगलात, गेवा दिसतो. गळण्याआधी त्याची पानं लालबुंद होतात. फार देखणं झाड! पण फांदी मोडू नका. त्यातून येणारा दुधासारखा चीक त्वचेवर फोड आणतो; डोळ्यात गेला तर तीव्र दाह होऊन दिसणंही तात्पुरतं बंद होऊ शकतं.

हा चीक एरंडाच्या कुळातल्या झाडाचा. त्यात फॉरबॉल एस्टर प्रकारची संयुगं असतात. ती पेशींमधलं प्रोटीन कायनेज सी हे विकर जागं करतात आणि त्यातून दाह सुरू होतो. मला थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. १९९५ साली संशोधकांनी याच झाडातून एक डीऑक्सिफॉरबॉल एस्टर वेगळं केलं. प्रयोगशाळेतल्या मानवी पेशींमध्ये त्याने एचआयव्हीची वाढ रोखली, आणि तेही त्याच विकराशी जोडलं जाऊन! मात्र फॉरबॉल एस्टर गटातली काही संयुगं कर्करोगाच्या गाठी वाढायला मदत करतात. म्हणून अशा रेणूचं औषध करणं सोपं नसतं.

बाकी कांदळवनातही खजिना आहेच. कांदळाच्या सालीत टॅनिन भरपूर. ते प्रथिनांना घट्ट धरतं, म्हणून ही साल पूर्वापार कातडी कमावायला आणि अतिसारावर वापरली गेली. तिवर या झाडात नॅफ्थोक्विनोन नावाची संयुगं सापडतात, तर मारांडी या झुडपात बेंझोक्सॅझोलिनोन.

यातलं बरंचसं संशोधन अजून काचपात्रात किंवा उंदरांवर झालेलं आहे. त्यामुळे वाचून काढे करू नका, आणि खाडीवर गेलात तर गेव्याला फक्त डोळे भरून बघा, हात लावू नका.