औषधाच्या कपाटाला कुलूप

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ॲपलाचियन डोंगरांच्या पायथ्याशी विल्क्स नावाची काउंटी आहे. वस्ती सुमारे 70 हजार, म्हणजे आपल्याकडच्या लहानशा तालुक्याएवढी. एके काळी हातभट्टीच्या दारूसाठी ती देशभर बदनाम होती. पोलिसांना चुकवत रात्री दारूच्या गाड्या पळवणाऱ्या इथल्या पोरांमधूनच ज्युनियर जॉन्सनसारखे मोटारशर्यतीचे नामवंत तयार झाले.

दारूमागून आल्या त्या गोळ्या, आणि त्या चोरवाटेने नव्हे तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आल्या. लाकूडतोड, फर्निचरचे कारखाने, कोंबडीपालन ही सगळी अंग मोडणारी कामं. पाठ धरली की हायड्रोकोडोन, ऑक्सिकोडोन किंवा मेथाडोन लिहून मिळे. ही सगळी अफूच्या गोतातली औषधं. 2009 मध्ये विल्क्समध्ये औषधांच्या अतिमात्रेने दर लाख लोकसंख्येमागे 46.6 मृत्यू झाले.

फ्रेड ब्रेसन हे मरणपंथाला लागलेल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थेत धर्मोपदेशक होते. रुग्णांसाठी घरी ठेवलेल्या वेदनाशामक गोळ्या गायब होतात, हे त्यांच्या कानावर आलं. कधी घरचेच त्या घेत, कधी वाटत, कधी विकत. गुन्हेगार शोधायला गल्लीबोळ पालथे घालायची गरजच नव्हती. साठा न्हाणीघरातल्या आरशामागच्या कपाटात होता. 2008 मध्ये उभ्या राहिलेल्या ‘प्रोजेक्ट लॅझरस’ या उपक्रमाची सगळी आखणी याच जाणिवेतून झाली. नाव बायबलमधलं: येशूने मेलेल्यातून उठवलेला तो लॅझरस.

नावाला जागणारं औषध म्हणजे नालोक्सोन. अफूजन्य औषध मेंदूतल्या ज्या जागांना चिकटून श्वास मंदावतं, तिथून नालोक्सोन त्याला हुसकावून लावतं. माणूस काही मिनिटांत श्वास घेऊ लागतो. पण त्याचा अंमल साधारण तासाभरात ओसरतो आणि पोटातली गोळी पुन्हा डोकं वर काढू शकते. म्हणून रुग्णवाहिका बोलवावीच लागते. पूर्वी हे औषध मुख्यतः डॉक्टर आणि रुग्णवाहिकेच्या हातात असे, आणि डोंगरातल्या घरी श्वास थांबला तर शेजारी असते आई किंवा बायको. विल्क्सच्या डॉक्टरांनी धोका असलेल्या रुग्णाला वेदनाशामकाबरोबर नालोक्सोनही लिहून द्यायला सुरुवात केली. नाकात फवारायचं साधन आणि ते कसं वापरायचं याची चित्रफीत एकाच पुडक्यात मिळे.

बातम्यांमध्ये मिरवलं ते हे पुडकं. खरं श्रेय मात्र बहुधा रुक्ष कामांना द्यावं लागेल. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाने ‘गोळ्या हरवल्या, पुन्हा लिहून द्या’ म्हणणाऱ्यांना नकार द्यायचं ठरवलं. रुग्ण आणखी कुठून गोळ्या घेतो का, हे डॉक्टर राज्याच्या नोंदवहीत तपासू लागले. उरलेल्या गोळ्या टाकायला शेरिफच्या कार्यालयात पेटी बसली. शाळा आणि चर्चमधून घरच्या कपाटाला कुलूप लावायला सांगितलं जाऊ लागलं.

2010 मध्ये मृत्यूंचा दर लाखामागे 29 वर आला. त्याहून बोलका दुसरा आकडा आहे. 2008 मध्ये अतिमात्रेने गेलेल्यांपैकी 82 टक्के लोकांना ती घातक गोळी विल्क्समधल्याच कुणी लिहून दिलेली होती. 2010 मध्ये हे प्रमाण 10 टक्क्यांवर आलं. डॉक्टरांनी गोळ्या लिहिणं सोडलं नव्हतं, हे इथे नोंदवायला हवं. खरोखर दुखतंय त्याला औषध मिळत राहिलं.

पुढे हा नमुना राज्यभर नेला, तेव्हा निकाल इतके ठळक आले नाहीत. शिवाय शत्रूही बदलला. गोळ्यांची जागा हेरॉइनने आणि मग बेकायदा फेंटानिलने घेतली. ते कुणाच्या चिठ्ठीवर येत नाही, त्यामुळे कपाटाच्या कुलपाचा तिथे उपयोग नाही. नालोक्सोनचा मात्र आहे. मार्च 2023 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्याचा नाकातला फवारा चिठ्ठीविना विकायला परवानगी दिली. दोन फवाऱ्यांच्या खोक्याची किंमत सुमारे 45 डॉलर ठेवली गेली, आणि ज्यांना ते सर्वाधिक लागतं त्यांना ती परवडणार कशी, यावर लगेच वाद सुरू झाला.