एका चालीची दोन गाणी

'गँगस्टर' सिनेमातलं 'भीगी भीगी' कोणाला माहीत नाही? सिनेमा आला २००६ मध्ये, म्हणजे आपल्यापैकी बरेच जण तेव्हा दुपट्यात होते. तरीपण गॅदरिंगच्या ऑडिशनला दर वर्षी दोन-तीन जण हेच गाणं घेऊन येतात आणि हॉस्टेलवर गिटार हातात घेतलेला प्रत्येक जण चौथ्या दिवशी हेच वाजवतो. पावसाळी रात्र, कोणाची तरी आठवण, आणि जेम्सचा तो भरडा आवाज... सबमिशनच्या रात्री एकदम फिट!

पण याच चालीवर त्याच्या अकरा वर्षं आधी कोलकात्यात एक बंगाली गाणं आलं होतं. त्यात पावसाळी रात्र वगैरे काही नाही. त्यात आहे सॅटेलाइट, केबल आणि दिवाणखान्यातला टीव्ही! म्हणजे आम्हा ई अँड टीसीवाल्यांचा सिलॅबसच. गाण्याचं नाव 'पृथिबीटा नाकि', आणि ते ज्यांचं, त्या बँडचं नाव 'मोहीनेर घोडागुली'. आमच्या विंगमधल्या एका बंगाली सीनियरने ते पहिल्यांदा ऐकवलं, आणि तेव्हापासून ते माझ्या फोनमधून हललेलं नाही. ज्यांना फक्त हिंदी गाणं माहीत आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

आधी नावाचं बघू. 'मोहीनेर घोडागुली' म्हणजे मोहीनचे घोडे. कवी जीवनानंद दास यांची 'घोडा' नावाची कविता आहे, १९४८ च्या 'सातटि तारार तिमिर' या संग्रहातली. त्या कवितेतल्या घोड्यांवरून हे नाव घेतलंय. पण ते सुरुवातीपासून नव्हतं. ही पोरं होती सात, म्हणून आधी नाव होतं 'सप्तर्षी'. मग 'तीरंदाज'. मग तर चक्क 'गौतम चट्टोपाध्याय बी.एस्सी. ओ संप्रदाय'! आपल्या बँडचं नाव 'अमुक अमुक बी.ई. आणि मंडळी' ठेवलं तर कसं वाटेल, विचार करा. (के.टी. राहिलेल्यांना ठेवता येणार नाही, हा एक प्रॉब्लेम आहे.)

हे गौतम चट्टोपाध्याय म्हणजे बँडचा कणा. प्रेसिडेन्सी कॉलेजचा विद्यार्थी, गिटार आणि सॅक्सोफोन वाजवणारा. साठच्या दशकाच्या शेवटी कोलकात्यातली बरीच हुशार मुलं नक्षलबारीच्या चळवळीत ओढली गेली, त्यात हाही होता. तुरुंगात गेला, सुटल्यावर काही काळ बंगालच्या बाहेर भोपाळ-जबलपूरकडे राहिला. मग परत येऊन भावांना आणि मित्रांना गोळा केलं आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यावर हा बँड उभा राहिला. भारतात स्वतःच्या भाषेत रॉक करणाऱ्या अगदी पहिल्या बँडपैकी हा एक.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. तेव्हा रॉक म्हणजे इंग्लिश, हे ठरलेलंच होतं. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या हॉटेलांमध्ये बँड वाजवायचे, पण गाणी इंग्लिश. घरात मात्र रवींद्रसंगीत, नाहीतर सिनेमातली गाणी. या सात जणांनी बाउल लोकांची एकतारी, व्हायोलिन, बासरी, गिटार, सॅक्सोफोन सगळं एकत्र केलं, आणि शब्द कसले? तर रोजच्या बोलण्यातल्या बंगालीचे. शहर, गर्दी, एकटेपणा, राजकारण. फुलं-चंद्र-प्रिये कमी.

रिझल्ट? सपशेल फेल! १९७७, १९७८ आणि १९७९ मध्ये एकेक करून तीन छोट्या रेकॉर्ड निघाल्या, गाणी मोजकीच. लोकांना कळेना की हे नक्की काय आहे. बंगाली म्हणावं तर गिटार, इंग्लिश म्हणावं तर एकतारी. १९८१ पर्यंत सगळे आपापल्या नोकरीधंद्याला लागले आणि बँड संपला. गौतम सिनेमाकडे वळले. त्यांच्या 'नागमती' या सिनेमाला १९८३ चं सर्वोत्कृष्ट बंगाली चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं.

पण रेकॉर्ड संपल्या तरी गाणी संपली नाहीत. कॉलेजातली मुलं ती एकमेकांकडून शिकत राहिली. मग १९९५ मध्ये गौतम यांनी नव्या पोरांना हाताशी धरून एक कॅसेट काढली, 'आबार बोछोर कुडि पोरे', म्हणजे 'पुन्हा वीस वर्षांनंतर'. हेही जीवनानंदांच्याच कवितेतून आलेलं. आणि याच कॅसेटमध्ये होतं 'पृथिबीटा नाकि'. वीस वर्षांपूर्वी ज्यांना कोणी विचारलं नव्हतं, त्यांचं गाणं आता बंगालभर, आणि बांगलादेशातही, गाजलं.

आता १९९५ हे साल लक्षात घ्या. १९९१ मध्ये स्टार टीव्ही आला, १९९२ मध्ये झी. त्याआधी घरोघरी एकटं दूरदर्शन होतं. आमचे बाबा सांगतात की केबलवाला गच्चीवरून वायर सोडायचा तेव्हा अख्खी बिल्डिंग बघायला जमायची. सगळीकडे एकच वाक्य, जग आता लहान झालं!

गाण्याची सगळी गंमत त्या 'नाकि' शब्दात आहे. बंगालीतल्या या 'नाकि'ला आपल्याकडे तंतोतंत शब्द आहे, 'म्हणे'. "तो म्हणे पहिला आला." म्हणजे मी काही बघितलं नाही बाबा, लोक म्हणतात! हे सांगायला मराठीत आणि बंगालीत एक शब्द पुरतो. म्हणजे जग लहान झालंय, असं गाणं सांगत नाहीये. जग म्हणे लहान झालंय, असं म्हणतंय, आणि त्या 'म्हणे'त हळूच चिमटा काढतंय. पुढे तर माणसा-माणसांत वाढत चाललेलं अंतर त्याने थेट ताऱ्यांच्या अंतराशी ताडून बघितलंय.

आता थोडं इंजिनिअरिंग करू, नाहीतर एच.ओ.डी. रागावतील. टीव्हीचा सॅटेलाइट असतो विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर. तिथे तो पृथ्वीबरोबर २४ तासांत एक फेरी मारतो, म्हणून खालून एकाच जागी दिसतो आणि डिश फिरवत बसावी लागत नाही. सिग्नल वर जाऊन खाली येतो, म्हणजे साधारण ७२ हजार किलोमीटरचा प्रवास. वेळ? पाव सेकंदाहूनही किंचित कमी! दुसरीकडे एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, आणि सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. ही दोन्ही अंतरं एकाच छोट्या गाण्यात आहेत. पहिलं अंतर आपण पाव सेकंदात कापलं. आणि शेजारच्या सोफ्यावर बसलेल्या माणसापर्यंतचं? ते मोजायचं फॉर्म्युलात बसत नाही, आणि गाण्याला तेच म्हणायचंय.

कोणी म्हणेल, केबलवाला गेला, आता काय त्याचं? मला उलट वाटतं. माझी ताई दोन वर्षांपासून जर्मनीत आहे. रोज रात्री व्हिडिओ कॉल होतो. आता सिग्नल समुद्राखालच्या फायबरमधून जातो, लॅगही फारसा नाही, चेहरा एकदम क्लिअर. पण दहा मिनिटांपैकी सात मिनिटं "जेवलीस का?", "हो, तू?", आणि मग ती तिच्या लॅपटॉपमध्ये, मी माझ्या रीलमध्ये. ती पुण्यात होती तेव्हा फोनवर आम्ही तासभर भांडायचो! हे गाणं ऐकल्यावर एकदा मी तिला सरळ सांगितलं, आज व्हिडिओ नको, कॅमेरा बंद करून नुसतं बोलू. पाऊण तास बोललो. ती तिथे रडते कधी कधी, हे मला त्या दिवशी कळलं. एवढा चांगला रिझोल्यूशन असून ते कधी दिसलं नव्हतं.

२००६ ला संगीतकार प्रीतमने ही चाल हिंदीत आणली आणि बांगलादेशच्या जेम्सने गायली. गाणं तुफान चाललं. ते वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही, माझ्याही आवडीचं आहे. पण चाल देशभर पोचली आणि तिच्यातलं म्हणणं कोलकात्यातच राहिलं, ही चुटपुट लागतेच. ते बघायला गौतम नव्हते. ते १९९९ मध्येच गेले. बँडमधले रंजन घोषाल २०२० मध्ये गेले, तापस दास, म्हणजे सगळ्यांचे बापीदा, २०२३ मध्ये. बापीदांना कॅन्सर झाला तेव्हा उपचारासाठी कोलकात्याच्याच नाही, ढाक्याच्या गायकांनीही कार्यक्रम करून पैसे उभे केले. फेल गेलेल्या बँडसाठी!

तर मंडळी, दोन कामं सांगतो. एक, आज रात्री ओरिजिनल ऐका. बंगाली येत नसेल तरी चालेल, अर्धे शब्द आपलेच निघतात. सॅटेलाइट आणि केबल तर कळेलच! दोन, पुढच्या बँड कॉम्पिटिशनला निदान एक तरी गाणं स्वतः लिहा, मराठीत, अगदी कट्ट्यावर बोलतो तशा मराठीत. जज मार्क देणार नाहीत कदाचित. हरकत नाही, मोहीनच्या घोड्यांना पास व्हायला वीस वर्षं लागली. आपल्याला तर चार वर्षांच्या डिग्रीला सहा लावायची सवय आहेच...

आणि हो, गाणं ऐकताना एक इअरफोन रूममेटला द्या.