गुंठ्यावरचे घर

1947 चा तुकडेबंदी कायदा शेतीसाठी झाला. भावाभावांत वाटण्या होता होता शेताची पट्टी इतकी अरुंद होऊ नये की औत वळवायलाही जागा उरू नये, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी भागाभागाचे प्रमाणभूत क्षेत्र ठरवण्यात आले आणि त्याहून लहान तुकडा विकणे किंवा वाटून देणे बेकायदा ठरले. 8 ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने जळगाव-धुळ्यासह बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे अशी खाली आणली. कापसाच्या कोरडवाहू शेताला एक माप, केळीच्या बागेला दुसरे.

घराला मात्र 10 गुंठेही लागत नाहीत. गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद, 1,089 चौरस फूट जागा. दोन-तीन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी आणि कडेला मोटरसायकल, एवढे त्यात सहज बसते. जळगाव किंवा धुळे शहराकडे मजुरीला, नोकरीला, मुलांच्या शिक्षणाला येणाऱ्या कुटुंबाची ऐपतही तेवढीच असते. रीतसर ले-आऊटमध्ये रस्ते सोडावे लागतात, एक एकरापेक्षा मोठ्या जमिनीत 10 टक्के मोकळी जागा ठेवावी लागते. त्याचा खर्च प्लॉटच्या भावात येतो. म्हणून शहराच्या कडेचे शेत गुंठ्यागुंठ्याने, बरेचदा नुसत्या स्टॅम्प पेपरवर विकले गेले. यालाच लोक गुंठेवारी म्हणतात.

पुढची ओढाताण सातबाऱ्यावर दिसते. पैसे दिले, घर बांधले, वीज आली. पण सातबाऱ्यावर नाव मूळ शेतकऱ्याचेच. नाव चढलेच तर ‘इतर हक्कात’, तुकडेबंदीविरुद्ध व्यवहार अशा शेऱ्यासह. असा उतारा घेऊन गेलेल्याला गृहकर्ज मिळणे कठीण, घर विकणेही कठीण. शेत वाचवण्यासाठी केलेली बंदी शेत वाचवू शकली नाही. तिने घराची कागदपत्रे तेवढी अडवली.

सरकारने ही गाठ टप्प्याटप्प्याने सैल केली. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने जुने भूखंड शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट उघडली आणि 2021 च्या दुरुस्तीने तिची मुदत डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली. तुकडेबंदी कायद्यात 2017 मध्ये बाजारमूल्याच्या 25 टक्के रक्कम भरून व्यवहार नियमित करण्याची सोय झाली. गुंठ्यावर राहणाऱ्याला एवढी रक्कम झेपणारी नव्हती, म्हणून 2024 मध्ये ती 5 टक्क्यांवर आली. नोव्हेंबर 2025 च्या अध्यादेशाने तीही माफ केली: 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातील, बिगरशेती वापराच्या क्षेत्रांतील असे व्यवहार विनाशुल्क नियमित होणार आहेत. स्टॅम्प पेपरवरच्या व्यवहाराला मात्र मुद्रांक शुल्क भरून नोंदणी करावी लागते. मग फेरफार होतो आणि नाव कब्जेदार म्हणून लागते. खेड्यांसाठी 2024 च्या नियमांनी वेगळी सवलत दिली: घरकुल योजनेच्या लाभार्थ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने 1,000 चौरस फुटांपर्यंतची जागा घेता येते.

व्यवहार नियमित करण्याची ही सवलत न्याय्यच आहे. पण नाव लागल्याने रस्ता येत नाही. जागेबरोबर आखणीही लागते, याचा खानदेशालाच जुना अनुभव आहे. 1819 मध्ये इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्जने पांझरेकाठी नवे धुळे वसवले, तेव्हा स्थायिक होणाऱ्यांना घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, बांधकामाला आगाऊ रकमाही दिल्या. क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्या अजून त्या आखणीची आठवण देतात. जागा सहज मिळाली आणि आखणीही झाली, म्हणून ते गाव वाढले.

गुंठेवारीत क्रम उलटा असतो. घरे आधी उभी राहतात, रस्ता मागून शोधावा लागतो. दोन ओळींमध्ये बैलगाडीपुरती वाट सुटलेली असते. सांडपाणी काळ्या मातीत मुरते आणि पावसाळ्यात त्याच वाटेवर चिखल होऊन उभे राहते. गटार टाकायची, पाण्याच्या टँकरला किंवा अग्निशमनाच्या गाडीला वळायला जागा करायची, तर दोन्ही बाजूंच्या घरांचे ओटे मागे घ्यावे लागतात.