मुहूर्त नसलेला दिवस

बंगळुरू पॅलेसचं दार पर्यटकांसाठी साधारण सकाळी दहाला उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतं. फोटोवाल्याला हवा असतो सूर्योदयानंतरचा एक तास आणि सूर्यास्ताआधीचा एक तास. सकाळचा तास तिकीटखिडकी उघडायच्या आतच सरतो. संध्याकाळचा मिळेल की नाही, हे महिन्यावर अवलंबून. मे महिन्यात इथे सूर्य साडेसहानंतर मावळतो, म्हणजे ऊन पिवळं व्हायला लागतं तेव्हा आपण बाहेर रस्त्यावर. नोव्हेंबर-डिसेंबरात तो सहाच्या आसपास मावळतो आणि दार लावण्याआधीचा शेवटचा तास नेमका कामाचा ठरतो.

हे गणित मला भाचीच्या लग्नामुळे कळलं. ती याच शहरात नोकरीला. लग्नाआधीचे फोटो पॅलेसमध्ये काढायचं तिने पक्कं केलं आणि फोटोवाल्याबरोबर रेकीला मलाही ओढून नेलं. त्या दिवशी त्याने कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. मोबाइलवर सूर्याची वाट दाखवणारं अ‍ॅप उघडून तो अंगणात फिरला, भाचीला जागोजागी उभं करून तिच्या डोळ्यांखाली सावली पडते का एवढंच बघत राहिला. बंगळुरूत एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या मध्यानंतर सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. तेव्हा भुवया आणि नाकाखाली काळोख साचतो, कितीही मेकअप केला तरी. डिसेंबरात ऊन दिवसभर दक्षिणेकडून तिरकं येतं, त्यामुळे चेहरा उजळ राहतो.

जागा निवडताना घरात वाद झाला तो भाचीच्या बाबांमुळे. बुरूज असले तरी हा किल्ला नव्हे, हा त्यांचा आक्षेप, आणि तो खराही आहे. सेंट्रल हायस्कूलचे, म्हणजे पुढच्या सेंट्रल कॉलेजचे, पहिले प्राचार्य रेव्हरंड गॅरेट यांनी 1862 च्या सुमारास ही वास्तू बांधायला घेतली. 1873 मध्ये अल्पवयीन महाराजा चामराजेंद्र वडियार यांच्या ब्रिटिश पालकांनी ती 40,000 रुपयांना घेतली आणि पुढच्या काही वर्षांत तिला आजचं ट्यूडर घाटाचं रूप आलं. तटावरच्या कंगोऱ्यांनी लढाई कधी पाहिली नाही. ‘त्यापेक्षा शहाजीराजांच्या किल्ल्यात काढा की!’ असं भाचीचे बाबा म्हणाले, म्हणून कृष्णराजेंद्र मार्केटजवळ जाऊनही आलो. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेबरोबर शहाजीराजे इथे आले आणि पुढे हे शहर त्यांची जहागीर झालं. पण तेव्हाचा किल्ला मातीचा होता. आज दिल्ली दरवाज्यापाशी उरलेले दगड हैदरअलीच्या काळातले, 1761 नंतरचे. त्यातही जागा पुरातत्त्व खात्याची, तिपाई लावायची तर आधी परवानगी हवी आणि तटाला लागून बाजाराची वर्दळ. बाबांनी दरवाज्यापाशी उभं राहून स्वतःचा एक फोटो मात्र काढून घेतला.

पॅलेसमध्येही नुसतं तिकीट पुरत नाही. प्रवेशाचे पैसे वेगळे, कॅमेऱ्याचे वेगळे आणि नवरा-नवरीचं शूटिंग म्हटलं की परवानगी आणखी वेगळी. दर बदलत राहतात, म्हणून विचारायचं ते दरापेक्षा त्यात काय बसतं ते: माणसं किती, रिफ्लेक्टर आणि लाइटचं स्टँड चालेल का, आतल्या दालनांत उभं राहता येईल की फक्त अंगणात, साडी बदलायला खोली मिळेल का. आणि हे सगळं लेखी घ्यायचं. ड्रोनचा हट्ट नवऱ्या मुलाने केला होता. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार आधी नकाशावर लाल, पिवळा की हिरवा पट्टा ते पाहावं लागतं, आणि इथून जवळच हेब्बाळला हवाई दलाचं प्रशिक्षण मुख्यालय. तो हट्ट तिथेच मिटला.

मग कपड्यांचा विषय. दरबार हॉलमध्ये पिवळ्या रंगाचा भर आहे, तिथे हळदी रंगाची नववारी विरघळून जाते. तिच्यासाठी खालचा चौक, निळ्या फरशांच्या बैठकींचा. हॉलसाठी हिरवा शालू ठरला. दरबार पाहण्यासाठी राजघराण्यातल्या बायका ज्या जाळीच्या पडद्याआड बसत, त्याच्यासमोर भाचीला एकटीला उभं करायचं, ही कल्पना फोटोवाल्याची. जिन्यापाशी भिंतीवर हत्तीचं भलंमोठं मस्तक आहे, खरंखुरं, पेंढा भरलेलं. त्याला ती जागा फार आवडली होती. माझ्या आईने फोनवरूनच निकाल दिला, ‘लग्नाच्या फोटोत मेलेला हत्ती नको.’ जिना यादीतून गेला.

खरं अवघड काम गर्दीचं. वास्तू राजघराण्याची असली, 1996 च्या संपादन कायद्यावरून तिचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला असला, तरी दिवसा ती तिकीट काढून आलेल्या प्रत्येकाची असते. शाळेच्या सहलीला ‘जरा थांबा’ म्हणायचा आपल्याला हक्क नाही. त्यावर फोटोवाल्याचे साधे उपाय होते. दार उघडताच आधी आतली दालनं उरकायची, कारण पर्यटक ऑडिओ गाइड कानाला लावून हळूहळू वर चढतात. कॅमेरा खाली धरायचा, म्हणजे मागची माणसं नवरा-नवरीआड जातात आणि वर नुसते बुरूज उरतात. एखादं कुटुंब चौकटीत आलंच, तर त्यांचा फोटो त्यांच्याच मोबाइलवर काढून द्यायचा. ते हसत बाजूला होतात.

तारीख मात्र कॅमेऱ्याने ठरवली नाही. पॅलेसच्या मैदानावर लग्नाचे मांडव पडतात, आणि दाट मुहूर्ताच्या दिवशी मेखरी सर्कलपासून गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. नवरीचा मेकअप तासाभरात गाडीतच उतरायचा. शिवाय लग्न गोरज मुहूर्तावर, म्हणजे त्या दिवशी उजेड सोनेरी होतो तेव्हा दोघं अंतरपाटाच्या दोन बाजूंना. लग्नाच्या दिवशी पॅलेस शक्यच नव्हता. तेव्हा आईने पंचांग मागवलं. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मास, कन्नड घरांत तेव्हा लग्नं लागत नाहीत. मैदान मोकळं, ऊन तिरकं, सूर्यास्त सहाच्या सुमारास. नाताळच्या सुट्टीची गर्दी सुरू व्हायच्या आतला एक बुधवार तिने बोट ठेवून दाखवला आणि फोटोवाल्याने वहीत लिहून घेतला.