एका दिवसाचा पंतप्रधान, पलंगाएवढा खडक

1961 साली गुजरातेतल्या एका भारतीय सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान व्हावं लागलं. नाव के. जी. बदलानी. आणि देश? दादरा आणि नगर हवेली!

ही गंमत समजायला सात वर्षं मागं जावं लागतं. 1954च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी हा मुलूख पोर्तुगीजांकडून सोडवला. आपले बाबूजी, सुधीर फडके, त्या मोहिमेत होते आणि बाबासाहेब पुरंदरेही होते. मोहिमेला पैसा उभा राहावा म्हणून लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला. पोर्तुगीज गेले, पण मुलूख लगेच भारतात आला नाही. सात वर्षं तिथं स्थानिकांची वरिष्ठ पंचायत कारभार बघत होती. विलीनीकरणाची वेळ आली तेव्हा करार दोन सरकारांमध्ये व्हायला हवा होता. भारताच्या बाजूनं नेहरू होते. समोरच्या बाजूनं सही करायलाही सरकारचा प्रमुखच हवा होता, म्हणून बदलानी पंतप्रधान झाले. 11 ऑगस्ट 1961 रोजी प्रदेश भारतात आला.

एवढा काटेकोरपणा का पाळायचा? कारण प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन आलं होतं. दादरा-नगर हवेलीला समुद्रकिनारा नाही. दमणहून तिथं सैन्य न्यायचं तर वाट भारतातूनच जाते आणि भारतानं ती अडवली. पोर्तुगालनं 1955मध्ये दावा ठोकला. 12 एप्रिल 1960 रोजी निकाल लागला. साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा नव्हता. वाट अडवून भारतानं कोणताही नियम मोडलेला नव्हता. मोहिमेतल्या शौर्याइतकंच मला हे कागदावरचं काम मोलाचं वाटतं. गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालनं करारानं मान्य केलं ते थेट 31 डिसेंबर 1974 रोजी.

सोयरीक सगळ्यांशी, हुकूम आपला

1674 साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडावर आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन नुसता नजराणा घेऊन आला नव्हता. त्याच्यापाशी कलमांची यादी होती. व्यापाराच्या सवलतींवर फारसं अडलं नाही. दोन कलमांवर मात्र महाराजांनी हरकत घेतली. इंग्रजांचं नाणं स्वराज्यात चालावं, हे पहिलं. रयतेवर कुठल्या नाण्याची सक्ती करणार नाही, नाणं आपल्या कसावर चालेल, असं त्यावर उत्तर मिळालं. किनाऱ्याला लागलेली फुटकी जहाजं परत द्यावीत, हे दुसरं. कोकणचा रिवाज तसा नाही, आणि तुम्हाला दिली तर उद्या फ्रेंच आणि डचही मागतील, हे त्यावरचं उत्तर. नाणं कोणाचं आणि किनारा कोणाचा, या दोन प्रश्नांत आख्खं परराष्ट्र धोरण आलं!

पुढं रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हीच समज आणखी स्पष्ट होते. टोपीकर, म्हणजे युरोपीय व्यापारी, इतर सावकारांसारखे नाहीत, त्यांच्या पाठीशी राजे आहेत. व्यापार करू द्यावा, पण समुद्रकाठी आणि खाडीकाठी जागा देऊ नये. हे लिहिलं गेलं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे प्लासीच्या लढाईच्या कितीतरी आधी.

समुद्र कुठवर आपला?

एके काळी उत्तर सोपं होतं: किनाऱ्यावरच्या तोफेचा गोळा पोहोचेल तिथवर. त्यातूनच तीन सागरी मैलांचा नियम रूढ झाला. आज हद्द 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटर आहे. मासळी आणि समुद्रतळाच्या संपत्तीवरचा हक्क 200 सागरी मैलांपर्यंत जातो.

म्हणूनच जपान एका खडकाला जिवापाड जपतो. ओकिनोतोरिशिमा टोकियोपासून सतराशे किलोमीटरवर आहे. भरतीला त्याचे जेमतेम पलंगाएवढे दोन तुकडे पाण्यावर राहतात. लाटांनी झिजू नयेत म्हणून त्यांच्याभोवती काँक्रीटची तटबंदी आहे आणि एकावर टायटॅनियमची जाळीही घातली आहे! जपान म्हणतो, हे बेट आहे. चीन म्हणतो, हा नुसता खडक आहे, आणि खडकाला 200 मैल मिळत नाहीत.

सहा महिने तुझं, सहा महिने माझं

फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवर बिदासोआ नदीत फेझंट नावाचं चिमुकलं बेट आहे. 1659 साली दोन्ही देशांचा तह तिथंच झाला. आज ते फेब्रुवारी ते जुलै स्पेनकडं असतं आणि ऑगस्ट ते जानेवारी फ्रान्सकडं. दर वर्षी हस्तांतर होतं आणि भांडण होत नाही.

आपल्या पूर्व सीमेवरचा गुंता मात्र इतका गोड नव्हता. दहाला खागराबाडी हे भारताचं शेत बांगलादेशच्या गावात होतं, ते गाव भारताच्या गावात आणि तेही पुन्हा बांगलादेशात! अशा छिटमहलांमधल्या, म्हणजे दुसऱ्या देशात अडकलेल्या तुकड्यांमधल्या, माणसांना ना धड शाळा होती, ना वीज, ना आपल्या देशाचा पोलीस. 31 जुलै 2015च्या मध्यरात्री 162 तुकड्यांची अदलाबदल झाली. भारतानं 111 दिले आणि 51 घेतले. नकाशावर जमीन कमी झाली, पण हजारो माणसांना पहिल्यांदा हक्काचा देश मिळाला. माझ्या मते हा सौदा फायद्याचाच आहे.

हातोड्याचा घाव

1 डिसेंबर 1948. कोस्टा रिकाचे नेते होसे फिगेरेस यांनी राजधानीतल्या बेलाविस्ता छावणीच्या भिंतीवर हातोडा घातला आणि देशाचं सैन्य बरखास्त झालं. त्या छावणीत आज राष्ट्रीय संग्रहालय आहे. आइसलँडलाही स्वतःचं सैन्य नाही, तरी तो 1949पासून नाटोचा संस्थापक सदस्य आहे.

जमीन बुडाली तर?

प्रशांत महासागरातल्या तुवालूचं क्षेत्रफळ अवघं 26 चौरस किलोमीटर आणि समुद्र चढतोय. 2023मध्ये या देशानं राज्यघटनाच बदलली: हवामानबदलानं जमीन गेली तरी तुवालू हे राष्ट्र कायम राहील. ऑस्ट्रेलियानं करार करून ते मान्य केलं आणि संकटात धावून येण्याचा शब्दही दिला. बदल्यात तुवालूनं दुसऱ्या कुठल्याही देशाशी संरक्षणाचा करार करायचा, तर त्याला ऑस्ट्रेलियाची संमती लागेल. बुडत्या देशाकडून घेतलेली ही किंमत मला फार जड वाटते. करार 2024च्या ऑगस्टपासून लागू आहे.