टाकी, कॅमेरा आणि एक ‘हो’

फॉर्मवरचा प्रश्न साधा होता. वय ४५ च्या पुढे आहे का, आणि रक्तदाबाचा त्रास आहे का? मी ४९ वर्षांची. दोन वर्षांपासून रोज सकाळी चहाच्या आधी एक गोळी घेते. म्हणजे उत्तर ‘हो’. पण पेन त्या चौकोनावर चांगलं पाच मिनिटं थांबलं. शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, ‘नाही’वर खूण कर आणि मोकळी हो. तिथं कोण बीपीचं मशीन घेऊन बसलंय?’’

फॉर्म होता मालदीवच्या सफारी बोटीचा. बोटीवरच राहायचं, जेवायचं, झोपायचं, रोज नव्या ठिकाणी नांगर टाकायचा आणि दिवसातून दोन-तीन वेळा टाकी पाठीवर बांधून समुद्रात उतरायचं, असे सात दिवस. मोठ्या बोटीच्या मागे एक छोटी बोट असते, तिला तिथं धोणी म्हणतात. टाक्या आणि त्यात हवा भरायचं यंत्र तिच्यावर, म्हणजे झोपायच्या बोटीवर खडखडाट नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे खूळ आलं कुठून? मालवणहून. सहा वर्षांपूर्वी सहलीत सगळे पाण्यात उतरले म्हणून मीही उतरले. वीस मिनिटं खाली होते, आणि वर आले ती दुसरीच बाई होऊन. मग पोहणं नीट शिकले (हो, उलट्या क्रमानं!), तारकर्लीला पहिला कोर्स केला, अंदमानात पुढचा. पहिल्या कोर्सवर १८ मीटरपर्यंत जाता येतं, पुढच्यावर ३०. मालदीवमध्ये पर्यटकांना ३० मीटरच्या खाली जायला कायद्यानंच बंदी आहे. तिथले प्रवाह जोरकस, त्यामुळे बहुतेक बोटी पुढचा कोर्स आणि पन्नासेक डाइव्हचा अनुभव मागतात. माझ्या वहीत ५३ नोंदी होत्या. काठावर पास!

पैशाचं आधी सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. भिशीचे आणि चार वर्षं बाजूला टाकलेले मिळून सव्वादोन लाख जमले. त्यातले सर्वांत जास्त बोटीला, मग विमान. मुंबईहून माले अडीच-तीन तासांवर, व्हिसा तिथं उतरल्यावर मोफत मिळतो. फक्त निघण्याआधीच्या ९६ तासांत एक फॉर्म संगणकावर भरावा लागतो. बोटीच्या जाहिरातीत नसलेले खर्च मात्र विचारून घ्यावेत: ग्रीन टॅक्स, इंधनाचा अधिभार, भाड्याचं सामान, कर्मचाऱ्यांची बक्षिसी. आणि विमा. साध्या प्रवासविम्यात बरेचदा डाइव्हिंग धरलेलंच नसतं. दाब वाढवणाऱ्या चेंबरचे उपचार महाग असतात, म्हणून डाइव्हिंगचा वेगळा विमा घ्यायचा. इथं काटकसर नको.

एकट्या बाईला बोटीवर दुसऱ्या बाईसोबत खोली देतात का, हेही मी पत्रात स्पष्ट विचारलं. देतात. शिवाय विचारलं, की खालच्या खोल्यांतून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, आणि रात्री कुणी जागं असतं का? २०१९ साली कॅलिफोर्नियात ‘कन्सेप्शन’ नावाची डाइव्हिंगची बोट रात्री पेटली आणि खाली झोपलेली ३४ माणसं गेली. रात्री फेरी मारणारा माणूस नव्हता. तेव्हापासून कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला लावून झोपायचं नाही, हा नियम मी घरीही पाळते. आमचे हे म्हणतात, ‘‘बोट राहिली बाजूला, माझा मोबाइल रात्री अकराला काढून ठेवतेस!’’

आता कॅमेऱ्याविषयी. पाण्याखाली पहिला फोटो काढला तेव्हा माझी फजिती झाली. सोबतिणीचे लालभडक फिन्स फोटोत काळपट! पाणी सर्वांत आधी लाल रंग गिळतं. पाच-दहा मीटरवरच तो जवळजवळ नाहीसा होतो, मग नारिंगी, मग पिवळा. उरतं ते निळं-हिरवं. रंग परत आणायचा तर फ्लॅश हवा, आणि फ्लॅशचा उजेड पाण्यात फार लांब पोचत नाही. म्हणून एकच उपाय, जवळ जा. पण फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असला, तर मधल्या पाण्यातले कण उजळतात आणि फोटोवर पिठूर पसरल्यासारखं दिसतं. त्यासाठी फ्लॅश लांब दांड्यावर, दोन बाजूंना बसवायचे. माझा कॅमेरा साधा, खिशातलाच आहे. त्याची पाणबंद पेटी कॅमेऱ्याहून महाग पडली. पेटीच्या फटीत रबराची एक बारीक कडी असते. तिच्यावर एक केस जरी अडकला तरी पाणी आत. म्हणून मी ते काम सकाळी ताज्या डोक्यानं, केस बांधून, पंखा बंद करून करते आणि रिकामी पेटी आधी पाण्यात बुडवून बघते.

पण कॅमेऱ्याची खरी भीती वेगळीच आहे. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला मी एका कासवाच्या मागे लागले. डावीकडून, उजवीकडून, आणखी एकच. मीटर बघितला तर ४० बार! नियम असा की १०० ला सोबतिणीला खूण करायची आणि पाण्याबाहेर येताना ५० शिल्लक हवेत. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं होतं, ते तिच्या जादा नळीवर थांबले. वर आल्यावर ती एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: दोन फोटो, मग मीटर, मग सोबतीण. आणि दरवेळी पहिल्या डाइव्हला कॅमेरा वरच.

तर नेत्राणीचा तो चेहरा आठवून मी फॉर्मवर ‘हो’ लिहिलं. ‘हो’ लिहिलं की डॉक्टरांची सही लागते. आमच्या गावात डाइव्हिंग जाणणारे डॉक्टर कुठून असणार? फॅमिली डॉक्टरांना फॉर्मसोबतची माहितीपत्रकं नेऊन दिली. त्यांनी शांतपणे वाचली आणि म्हणाले, ‘‘मॅडम, आत्ता मी सही करणार नाही.’’ पाण्यात उतरलं की हातापायातलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयावर ताण येतो. रक्तदाब ताब्यात नसला तर फुफ्फुसांत पाणी साठण्याचा धोका असतो. शिवाय माझी गोळी अशी होती, की जोराचं काम पडलं तरी हृदयाचे ठोके पुरेसे वाढू देत नाही. प्रवाहाविरुद्ध पाय मारताना नेमकं तेच लागतं. गोळी बदलायची, तीन महिने बघायचं, मग ट्रेडमिलची तपासणी.

फेब्रुवारीची बोट गेली. मी घरी येऊन दार लावून रडले, हे सांगायला लाज कसली? बोटवाल्यांनी थोडे पैसे कापून तारीख पुढे दिली, ऑक्टोबरची.

मग नव्यानं अभ्यास. फेब्रुवारीत तिथं ईशान्य मोसमी वारा असतो, समुद्र शांत. प्रवाह पूर्वेकडून येतो, त्यामुळे प्रवाळ बेटांच्या कड्याच्या पूर्व बाजूला पाणी काचेसारखं आणि शार्क रांगेनं. सूक्ष्म जीव वाहत पश्चिमेला साचतात आणि ते खाणारे मांटा मासे तिकडेच. नैर्ऋत्य वाऱ्याच्या महिन्यांत सगळं उलटं. मांटा म्हणजे चटईएवढे नव्हे, आपल्या माजघराएवढे पंख पसरून उडणारे मासे! ऑक्टोबरला पाऊस लागेल, पाणी थोडं गढूळ, फोटोत पिठूर जास्त. पण बोट तेव्हा बा अॅटॉलला जाते, आणि तिथं हनिफारू नावाचा छोटा उपसागर आहे. बा हे २०११ पासून युनेस्कोचं जीवावरण क्षेत्र. मे ते नोव्हेंबरात, विशेषतः पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला, तिथं मांटांची जेवणावळ बसते. गंमत अशी, की हनिफारूत टाकी घेऊन उतरायला बंदी आहे. फक्त मुखवटा, नळी आणि फिन्स, तेही ४५ मिनिटं. एवढा खटाटोप केला आणि तिथं टाकी लागतच नाही!

आणि तिथला फोटो उपयोगी पडतो. प्रत्येक मांटाच्या पोटावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. पोटाचा स्वच्छ फोटो पाठवला, की ‘मांटा ट्रस्ट’वाले कोणता मासा, पूर्वी कधी दिसला, ते जुळवून बघतात. पाठमोऱ्या माशाचा दिमाखदार फोटो तिथं कामाचा नाही. मी हल्ली अंगणात छताच्या पंख्यासारखं काहीतरी वर टांगून खालून फोटो काढायचा सराव करते, शेजारी बघतात. व्हेल शार्कला मात्र फ्लॅश मारायचा नाही, त्याच्यापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर लांब राहायचं, हेही पाठ केलंय.

काही मैत्रिणी कानात विचारतात ते इथंच सांगते. पाळीत डाइव्ह करता येतं, रक्तामुळे शार्क येतात याला काही पुरावा नाही. गरोदरपणी मात्र उतरायचंच नाही. लोकवस्तीच्या बेटांवर अंगभर कपडे हवेत. शाकाहारी असाल तर बोटीला आधी कळवा, नाहीतर सकाळ-संध्याकाळ ट्यूना समोर येईल. मी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेणार आहे. शेवटच्या डाइव्हनंतर १८ तास तरी विमानात बसायचं नाही, म्हणून शेवटचा दिवस मालेत फिरायला.

परवा ट्रेडमिल झाली. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि सही केली. घरी आले तर हे स्वयंपाकघरात रबरी कडीची ग्रीसची डबी हातात धरून उभे. म्हणाले, ‘‘ही तुपाशेजारी ठेवू नकोस गं, आज पोळीला लावणार होतो.’’