काळजीची भूक

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. राज्यात एवढं प्रमाण दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्यात नव्हतं. कर्ते पुरुष नोकरीसाठी मुंबईला, हे त्याचं मोठं कारण. मागे राहिलेल्या बाईच्या वाट्याला सासूसासऱ्यांची औषधं, मुलांच्या परीक्षा आणि कलमांची राखण येते. मोहोर आला की तुडतुड्यांची धास्ती, फळ धरलं की अवकाळी पावसाची, आणि वर्षाची मिळकत आंब्याच्या दोन-तीन महिन्यांवर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या केल्या, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. अशा घोरात रात्री भांडी आवरल्यावर, पोट भरलेलं असताना, हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. ही भूक पोटातली नाही, हे तिलाही कळतं. घरचे मात्र याला जिभेचे चोचले म्हणतात, आणि उपाय तिथेच चुकतो.

अचानक आलेल्या ताणाने भूक मरते. परीक्षेच्या सकाळी घास उतरत नाही तो त्यामुळेच. ताण मुक्कामाला आला की गणित फिरतं. कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेलं राहतं आणि खाण्याची ओढ वाढवतं, तीही गोड-तेलकटाची. शेपूच्या भाजीवर कुणी काळजी विसरत नाही! मेरी डॉलमन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांच्या आधारे मांडलं, की दीर्घ ताणात साखर आणि चरबी खाल्ल्याने शरीरातली ताणाची यंत्रणा काही अंशी शांत होते. म्हणजे शरीर हाताशी असलेला उतारा घेत असतं.

मग मनाचा निग्रह कशाला आहे, असं कुणी विचारेल. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वखुशीने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले. निग्रहाची कमी नसलेल्या या माणसांच्या डोक्यात दिवसभर अन्नच घोळू लागलं, आणि बंधन सुटल्यावर त्यांच्यातले काही जण पोट तुडुंब भरूनही खात राहिले. आपल्याकडे रात्री जास्त खाल्लं म्हणून सकाळचा नाश्ता टाळला जातो, जोडीला एखादा सोमवार धरला जातो. संध्याकाळी खरी भूक आणि दिवसभराची काळजी एकदम चालून येतात. श्रद्धेच्या उपासाबद्दल तक्रार नाही. शिक्षा म्हणून केलेला उपास मात्र रात्रीच्या डब्याचीच तयारी करतो. म्हणून पहिला उपाय उलटा वाटेल असा आहे: वेळेवर आणि पोटभर जेवा. सकाळी पेज किंवा घावणे, दुपारी डाळ-भात आणि मासळी, चारच्या सुमारास मूठभर शेंगदाणे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: खाऊन बरं वाटतं, तर बिघडलं काय? त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये लोकांना आधी उदास करणारे चित्रपटातले प्रसंग दाखवले. मग काहींना त्यांचा हक्काचा आवडता पदार्थ दिला, काहींना दुसरं खाणं, काहींना काहीच नाही. मन सगळ्यांचं जवळपास सारखंच सावरलं. काम वेळेने केलं, श्रेय डब्याला मिळालं. डॉलमन यांच्या प्रयोगातल्या उंदराला पिंजऱ्यात दुसरा मार्ग नसतो. माणूस डब्याकडे हात जाण्याआधी दहा मिनिटं थांबून खळ्यात फेऱ्या मारू शकतो, बहिणीला फोन लावू शकतो. अर्थात पडद्यावरचं दुःख आणि सोसायटीचं थकलेलं कर्ज एक नव्हे. थांबल्याने त्या क्षणाची लाट ओसरते, कर्ज फिटत नाही. त्यासाठी घरात हिशेब उघडून बोलावं लागतं, आणि ते डबा बंद ठेवण्याहून अवघड असतं.

आमच्या आज्यांना काय कमी काळज्या होत्या, असंही म्हटलं जातं. कमी नव्हत्या, पण पावसाळ्यासाठी केलेली आगोट मोजून-मापून वापरायची असे आणि पाच रुपयांचं पाकीट प्रत्येक टपरीवर लटकत नव्हतं.

मात्र थोड्या वेळात भरमसाट खाणं, मधे थांबताच न येणं आणि नंतर स्वतःचीच किळस वाटणं, हे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चाललं असेल तर तो आजार आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत २०१३ पासून त्याला स्वतंत्र जागा आहे. राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीतच आहे, पण ते ‘वेड्यांचं’ म्हणून लोक पायरी चढायला कचरतात. त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे: मोफत, चोवीस तास, मराठीतही.